व्यक्ती, आकृती, जाती : गेलेल्या कुत्र्याचं चित्र काढताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून कुत्र्यांकडे कधीपासून वळलात?’ वळलो नाही. तत्त्वज्ञानाच्याच वाटेत कुत्रा आडवा आला, आणि त्याला ओलांडून पुढं जाता येईना.

विषय साधा आहे. घरातला कुत्रा मरतो. घरचे लोक चित्रकाराकडे जातात, मोबाइलमधले चार फोटो दाखवतात, अ‍ॅडव्हान्स देतात आणि म्हणतात, याचं चित्र काढून द्या. पूर्वी हा उद्योग राजेरजवाड्यांचा होता. आता बीड, परळी, अंबाजोगाईतही अशी कामं निघतात. कुत्र्याच्या दशक्रियेच्या बातम्या येतात, चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स लागतात. लोक हसतात. हसू द्या. मला यात एक खरा प्रश्न दिसतो : त्या घरच्यांनी नेमकं काय मागितलं आहे? आणि चित्रकारानं जे दिलं ते तेच आहे का, हे ठरवायचं कशावरून?

न्यायसूत्रांत गौतमांनी एक प्रश्न चर्चेला घेतला आहे. ‘गाय’ हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ काय? समोरची ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? गाईचा आकार, म्हणजे आकृती? की सगळ्या गाईंत असलेलं गाईपण, म्हणजे जाती? बराच खल करून ते सांगतात की तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो, प्रसंगानुसार कधी एक पुढं येतं, कधी दुसरं. विद्यार्थ्यांना हे शिकवताना वर्गात जांभया यायच्या. पण गेलेल्या कुत्र्याच्या चित्राला हे लावून बघा. घरच्यांना हवी असते व्यक्ती. चित्रकाराच्या हातात असते फक्त आकृती. आणि बाजारात तयार मिळते ती जाती. लॅब्राडोरचं चित्र, पॉमेरियनचं चित्र, हजारांनी मिळतील. आपणही कुत्रा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘कोणत्या जातीचं आहे?’ हा प्रश्न आपण कुत्र्यांपुरता ठेवत नाही हे आपल्या जिल्ह्यात मी वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या परंपरेत कुत्रा जागोजागी चितारलेला, कोरलेला, गायलेला आहे, पण बहुतेक वेळा तो कुत्रा म्हणून तिथं नाही. तो दुसऱ्या कशाचा तरी प्रतिनिधी आहे. आणि स्मृतिचित्र काढणाऱ्याचं खरं भांडण या सवयीशी आहे.

दासोपंतांच्या गावात दत्त कुणाला नवा नाही. 40 फुटांची पासोडी लिहिणाऱ्या या माणसाचं सगळं आयुष्य दत्तमय होतं. पण आपल्या देवघरातल्या तसबिरीतले दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे आठवा. त्यांतल्या एकाचा तरी चेहरा आठवतो का? नाही आठवणार, कारण ते चार वेद आहेत. रंग वेगळे, बाकी एकाच साच्यातले. युधिष्ठिराबरोबर हिमालयात शेवटपर्यंत चालणारा कुत्रा? त्याच्यासाठी युधिष्ठिर स्वर्गाच्या रथात बसायचं नाकारतो. इतका मोठा क्षण, आणि पुढच्याच क्षणी कळतं की तो कुत्रा नव्हताच, साक्षात धर्म होता. मला दर वेळी इथं थोडं फसवल्यासारखं वाटतं. तो नुसता कुत्रा राहिला असता तर युधिष्ठिराचा नकार जास्त मोठा झाला असता. नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा विठ्ठल होतो. खंडोबाचा कुत्रा भक्त होतो, आणि उलट भक्त ‘वाघ्या’ होऊन देवाचा कुत्रा म्हणवून घेतो.

अपवाद आहे, आणि तोही महाभारतातच, अगदी सुरुवातीला. जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी एक कुत्र्याचं पिल्लू येतं, राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडं, सरमेकडं जातं. ती येऊन विचारते, यानं काही चाटलं नाही, कशाकडं पाहिलंही नाही, मग का मारलंत? उत्तर कुणाकडे नसतं, आणि ती शाप देते. इथं पिल्लू पिल्लूच आहे. महाभारताची सुरुवात कुत्र्याच्या तक्रारीनं होते आणि शेवट कुत्र्याच्या रूपकानं. मला सुरुवात जास्त आवडते.

आता रायगडाकडं येऊ. तिथं शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. कथा सगळ्यांना माहीत आहे : 1680 मध्ये महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली. या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळालेला नाही. ती लोकांपर्यंत पोचण्यात राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाचा वाटा मोठा मानला जातो. पुतळा 1936 चा. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पाच हजार रुपये दिले. 2012 मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो काढला, नंतर तो पुन्हा बसवला गेला. मार्च 2025 मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी केली, धनगर संघटनांनी विरोध केला, आणि वाद पुन्हा पेटला. ठेवा की हटवा हे सांगायला मी आलेलो नाही. मला त्याच्याकडं फक्त प्रतिमा म्हणून बघायचं आहे.

व्यक्तिचित्र म्हणून बघितलं तर तिथं अडचण उघड आहे. समोर बसलेलं कुणी नाही. शिल्पकारानं कुणाचा कान पाहिला? कुणाची शेपटी? ज्याच्याविषयी एकही ओळ लिहून ठेवलेली नाही त्याचं साम्य कशाशी ताडून बघणार? तो पुतळा कुत्र्याचा नाही, इमानाचा आहे. आणि इमान हे, जरा नीट विचार करा, कुत्र्याचं वर्णन नसतं. ते मालकाचं आपल्याविषयीचं मत असतं. ‘किती इमानी होता हो’ म्हणताना आपण म्हणत असतो, माझ्यासाठी मरावं असा मी होतो. नाव बघा, वाघ्या. खंडोबाच्या भक्ताचं नाव, आणि खंडोबा हे होळकरांचं कुलदैवत. म्हणजे नावसुद्धा व्यक्तीचं नाही, भूमिकेचं आहे.

पण या पुतळ्याविषयी आणखी एक हकीगत सांगितली जाते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. समाधीच्या कामासाठी मदत मागायला लोक इंदूरला गेले तेव्हा तुकोजीरावांचा आवडता कुत्रा नुकताच गेलेला होता, राजा दुःखात होता, आणि त्या दुःखातून ही देणगी आली, अशी ती हकीगत. खरी असेल तर रायगडावरचा वाघ्या हे आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध असं, ऑर्डर देऊन करवून घेतलेलं, लाडक्या कुत्र्याचं स्मारक आहे. फक्त चुकीच्या नावाखाली. ज्याच्यासाठी एका माणसाचं मन खरोखर दुखलं तो इंदूरचा कुत्रा निनावी राहिला, आणि ज्याला कुणी पाहिलं नाही त्याला नाव, कथा, चौथरा सगळं मिळालं. त्या चौथऱ्यावर इंदूरच्या कुत्र्याचं नाव असतं तर भांडण निम्मं झालं असतं. मग हा रायगडावर कशाला, एवढाच प्रश्न उरला असता, आणि तो सरळ विचारता आला असता.

याच्या शेजारी साताऱ्याजवळचं संगम माहुली ठेवू. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा खंड्या, त्याची समाधी तिथं आहे, दगडात कोरलेल्या कुत्र्यासह. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफनं आपल्या इतिहासात या राजाची कुत्र्यावरची माया नोंदवली आहे : कुत्र्याला सनदा दिल्या, पालखीचा मान दिला, आणि एकदा दरबारात त्याला जरीचे कपडे नि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. इथं व्यक्ती आहे. नाव खरं, मालक खरा, उपकार खरा. पण दरबारातला तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कुत्र्याचा मान करायचा तर त्याला सरदार करावं लागलं. आज लोक चित्रकाराला सांगतात ना, माझ्या टायगरला सूट-टाय घाला, मागं राजवाडा दाखवा, ही तीच पगडी. मोबाइलवरची अ‍ॅपं तर एका बोटावर असलं ‘तैलचित्र’ करून देतात. माहुलीच्या दगडात पगडी नाही, कुत्रा आहे. मला दगड जास्त प्रामाणिक वाटतो.

त्याहून जुना एक दगड आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा, इसवी सन 950 च्या आसपासचा, आता बंगळूरच्या संग्रहालयात. काळ राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा, म्हणजे आपला मराठवाडाही त्याच छत्राखाली होता. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला गंग राजा बूतुग म्हणाला, काय हवं ते माग. त्यानं मागितली काळी नावाची शिकारी कुत्री. पुढं तिची रानडुकराशी झुंज झाली, दोघंही मेली. तिच्या नावानं दगड उभा राहिला, पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर काय कोरलं आहे? कुत्री आणि डुक्कर, झुंजताना. मालक चित्रात नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाला जे कळलं ते आपल्या फ्लेक्सवाल्याला कळत नाही : तिला तिच्या कामात दाखव. आपल्याकडं बघताना नको.

वीरगळ माणसांचे असतात तेव्हा आपण त्यांना इतिहास म्हणतो. असो.

आता एक चित्र असं घेऊ जे तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकानं पाहिलं आहे. तबकडीच्या मधोमध, भोंग्यासमोर मान तिरपी करून बसलेला कुत्रा. एचएमव्हीचा कुत्रा. त्याचं नाव निपर. तो चित्रकार फ्रान्सिस बरॉडच्या भावाचा, मार्कचा. मार्क 1887 मध्ये गेला, कुत्रा फ्रान्सिसकडं आला. निपर मेला 1895 मध्ये. त्यानंतर तीनेक वर्षांनी बरॉडनं हे चित्र काढलं. म्हणजे जगभर छापलं गेलेलं हे कुत्र्याचं चित्र मुळात गेलेल्या कुत्र्याचं चित्र आहे. ऑर्डर मात्र नंतर आली. आधी चित्रात दुसऱ्या जातीचं यंत्र होतं, सिलिंडरवर चालणारा फोनोग्राफ. बरॉड पितळी भोंगा उसना मागायला ग्रामोफोन कंपनीत गेला, तिथले व्यवस्थापक म्हणाले, आमचं यंत्र रंगवा, चित्र आम्ही घेतो. त्यानं फोनोग्राफवर ग्रामोफोन रंगवला. पन्नास पौंड चित्राचे, पन्नास हक्कांचे. पुढं कंपनीसाठी त्यानं त्याच चित्राच्या 24 प्रती हातानं काढल्या.

वाघ्याच्या नेमकं उलट घडलं. तिथं इमान आधी होतं, त्याला कुत्रा शोधला. इथं कुत्रा आधी होता, त्याचं इमान झालं, आणि मग शिक्का झाला. पण बरॉड चांगला चित्रकार होता याचा पुरावा त्या शिक्क्यातही उरला आहे : मान. तिरपी मान. अनोळखी आवाज आला की कुत्रा असंच करतो, पण प्रत्येक कुत्र्याचा तिरपेपणा वेगळा असतो, आणि बरॉडनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेला वापरला. म्हणूनच इतक्या वेळा छापूनही तो मेला नाही. ‘मालकाचा आवाज’ हे शीर्षक मालकाचं कौतुक करतं. मानेतला प्रश्न मात्र निपरचा आहे.

इंग्रजांच्या लँडसीयरचं 1837 चं प्रसिद्ध चित्रही सांगायला हवं. धनगराची शवपेटी, खोलीत कुणी नाही, आणि कुत्रा पेटीवर हनुवटी टेकून. रस्किननं या चित्राची फार स्तुती केली. मला ते आवडतं, पण संशयानं. तिथंही कुत्र्याचं काम माणसासाठी रडणं हेच आहे. त्याच्यापेक्षा वेलास्केथचा कुत्रा बघा, 1656 चं ‘लास मेनिनास’. राजकन्या मध्यभागी, मागच्या आरशात राजा-राणीचं प्रतिबिंब, म्हणजे राजा समोर उभा. सगळा दरबार सावध. पुढं एक मोठा कुत्रा अर्धवट झोपेत. दरबारातला एकजण त्याच्या पाठीवर पाय ठेवतोय, तरी तो हलत नाही. राजा समोर आहे आणि याला पर्वा नाही. एवढा स्वतःचा असलेला कुत्रा चित्रकलेत मी दुसरा पाहिला नाही.

तर मग प्रत्यक्ष काम. यात कौशल्याच्या काही अडचणी आहेत आणि त्या तत्त्वज्ञानाच्याच अडचणी आहेत.

मोबाइलचा फोटो घ्या. जवळून काढलेला असतो, म्हणून नाक भोपळ्याएवढं आणि कान मागं लहान. चित्रकार तसंच उतरवतो आणि घरचे म्हणतात, काहीतरी चुकलंय. फ्लॅशनं डोळे हिरवे-पिवळे चमकतात. काळा कुत्रा असेल तर फोटोत नुसता डाग. काळ्यासाठी काळा रंग वापरला की चित्र गेलंच. उन्हात बसलेल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर आभाळाची निळसर झाक असते आणि पोटाखाली जमिनीचा तपकिरी उजेड. पण सगळ्यात मोठी खोड वेगळी. माणूस उभा राहून फोटो काढतो, कुत्रा वर बघतो, कारण फोटो काढणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बिस्किट असतं. त्या फोटोवरून काढलेल्या चित्रात तो जन्मभर बिस्किट मागत भिंतीवर लटकतो. चित्रकारानं जमिनीवर बसावं. नजरेची रेघ कुत्र्याच्या डोळ्याएवढी खाली आली की अर्धं इमान आपोआप गळून पडतं.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रांचे प्रकार आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखं साम्य ज्यात दिसतं ते ‘विद्ध’. नुसत्या आकाराची आठवण ज्यात आहे ते ‘अविद्ध’. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांवर वेगळा भाग आहे. सारमेय, म्हणजे सरमेची लेकरं. चित्रांचं आणि कुत्र्यांचं असं दोन्ही शास्त्र एकाच राजानं लिहिलं, पण दोन्ही एकत्र करून ‘गेलेल्या कुत्र्याचं विद्ध चित्र कसं काढावं’ हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. आरसा जिवंतासमोर धरता येतो. गेलेल्यासमोर कोणता आरसा धरणार?

याचं उत्तर मला एका पेंटरकडून मिळालं. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फ्लेक्स आल्यावर काम बसलं. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी त्याला आपल्या मोत्याचं चित्र सांगितलं. मोत्या गावठी. इथंच खरी परीक्षा असते, कारण गावठी कुत्र्याला साचा नसतो. पहिल्या खेपेला त्यानं इंटरनेटवरच्या कुठल्या तरी चित्रावरून तोंड घेतलं. मावशी म्हणाल्या, ‘दादा, हा साहेबाचा कुत्रा आहे.’ दुसऱ्या खेपेला फोटो जसाच्या तसा उतरवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तोच आहे. पण तो असा बसतच नव्हता.’

हे वाक्य मी वर्गात वापरलं असतं तर गौतमाचं सूत्र तासाभरात समजलं असतं. आकृती बरोबर, व्यक्ती गैरहजर.

मग पेंटरनं चित्र बाजूला ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. कसा होता, हा प्रश्न त्यानं विचारला नाही; त्याचं उत्तर नेहमी ‘फार गुणी’ असंच येतं. त्यानं विचारलं, मावशी, कुठं बसायचा? कोणता पाय बाहेर टाकून? पावसात कुठं जायचा? गाडी आली की आधी कान उठायचा की आधी अंग? तुम्ही ओरडलात की कुठं बघायचा? त्यातून कळलं की मालक ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने तो याच मावशींच्या उंबऱ्यावर असायचा. म्हणजे कागदोपत्री मोत्या त्यांचा नव्हताच. आणि तो त्यांच्याकडं बघत नसे, रस्त्याकडं बघत असे. गाड्या कधी परत येतात ते.

तिसऱ्या चित्रात तो उंबऱ्यावर आडवा आहे, मागचा डावा पाय बाहेर टाकलेला, एक कान फाटका, तोंड रस्त्याकडं. बघणाऱ्याकडं पाठ म्हणावी इतकी. ऑर्डर देणाऱ्या बाईकडं चित्रातला कुत्रा बघत नाही, आणि पैसे तिनंच दिले. एवढी हिंमत तुकोजीरावांच्या शिल्पकाराला परवडली असती की नाही कोण जाणे. चित्र म्हणून त्यात दोष आहेत. उंबऱ्याची रेघ वाकडी, भिंतीचा निळा फार भडक, पाट्या रंगवणाऱ्या हाताचा. पण मला त्या चित्रासमोर उभं राहिल्यावर इमान हा शब्द सुचला नाही. तो कुणाची तरी वाट बघतोय एवढं दिसलं, आणि ज्यांची बघतोय त्या माणसांनी हे चित्र अजून पाहिलेलं नाही. फडावरून ते परत यायचे आहेत.

पेंटरला खाली ‘इमानी मोत्यास अखेरचा मुजरा’ लिहायचं होतं, पाटीची सवय. मावशींनी ते पुसायला लावलं. नुसतं ‘मोत्या’ लिही म्हणाल्या, आणि कुणाचा ते लिहू नको.

आता प्रश्न असतील तर घेऊ.